दिवस हाय का गं

घास तोंडात होता आणि पलीकडच्या गल्लीतल्या मशिदीत बांग झाली. भाकरीचा घास, मुगाच्या डाळीत बुडवलेला, अर्धा चावून झालेला. बांग होते ती दिवस बुडाल्यावर, हे निपाणीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे दिवस बुडाला होता आणि लग्न झाल्यापासून एकेचाळीस वर्षं दिवस बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात न घातलेली मी ताटावर बसून रवंथ करत होते, तेही दसलक्षणाच्या, म्हणजे आम्हा जैनांच्या पर्वाच्या, दहा दिवसांत, जेव्हा एरवी काही न पाळणारेसुद्धा पाळतात. गिळावं तर नियम मोडला. थुंकावं तर सून समोर बसलेली. घास गालात तसाच धरून मी थांबले. "काय झालं आई, खडा लागला काय?" सोनलनं विचारलं. मी मान हलवली. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवल्याचा आवाज आला. मी घास हातावर काढला, मूठ मिटली आणि तिचं लक्ष नाही असं वाटलं तेव्हा पदराच्या टोकाला बांधून टाकला. का बांधला, टाकून का दिला नाही, ते मला तेव्हा सुचलं नाही. हात आपोआप गेला. उठताना मात्र एकच वाक्य डोक्यात गांधीलमाशीसारखं घुमत होतं. बसण्यापूर्वी मी सोनलला विचारलं होतं, दिवस हाय का गं. आणि ती म्हणाली होती, "आहे की आई, सहा चाळीसपर्यंत आहे, जेवा निवांत."

निवांत. हा शब्द माझ्या घरात कुणी मला सांगावा, असे दिवस आले. आमची तंबाखूची वखार घराच्या पुढच्या अंगाला, मधे फक्त एक बोळ. आमचे मालक गेल्यापासून नऊ वर्षं वखार मी चालवते. त्यांच्या हयातीतही चालवत मीच होते, ते गादीवर बसून हो म्हणायचे. चाळणाऱ्या बायका सहाला सुटतात. त्या सुटल्याशिवाय मालकिणीनं ताटावर बसायचं नाही, हा मी स्वतःला घातलेला दंडक, कुणी घातलेला नाही. म्हणजे सहा ते दिवस बुडेपर्यंत जो काय वेळ असेल, तेवढाच माझा. हिवाळ्यात बायका लवकर सुटतात, उन्हाळ्यात दिवस लांबतो, कसंही करून ती फट मला पुरत आली. "मग पाचलाच जेवून मोकळं व्हा की," असं सोनल एकदा म्हणाली. मी म्हटलं, भिऊन भिऊन पाळायचा तर नियम कशाला, दवाखान्यातलं पथ्य म्हण त्याला. आणि ती फट मोजायला मला कधी कुणाची गरज लागली नव्हती. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, दारामागं एक छापील वेळापत्रक असायचं, वर्षभराचं, रोजचा सूर्योदय, रोजचा सूर्यास्त. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही कानडी. मराठी अक्षरं मला कुणी शिकवली नाहीत. ती मी त्या वेळापत्रकावरनं उचलली, नवी नवरी असताना, दर्शनाला गेल्यावर पदराआडनं. भाद्रपद हा शब्द मला माझं स्वतःचं नाव लिहिण्याच्या आधी येत होता. त्यामुळं वेळ वाचणं म्हणजे मला नुसती वेळ वाचणं नव्हतं. सासूला, नवऱ्याला, दिवाणजीला न विचारता मला कळणारी ती पहिली गोष्ट होती.

आता विचारावं लागतं. डॉक्टरनं काचबिंदू सांगितला त्याला तीन वर्षं झाली. आधी बाजूचं गेलं. किल्लीच्या भोकातनं बघावं तसं जग दिसायचं, मधला तुकडा लख्ख, कडेला काही नाही. बोळातनं जाताना खांदे भिंतीला घासायला लागले तेव्हा मी लुगड्याला नावं ठेवली, की नव्या सुताचं लई फुगतं. मग मधला तुकडाही गढूळ झाला. आता उजेड कळतो, पण कुठला उजेड ते कळत नाही. सोनल शाळेत शिकवून आली की पाचलाच ट्यूब लावते, आणि ट्यूबचा उजेड आणि भाद्रपदातल्या ढगाळ दिवसाचा उजेड माझ्या डोळ्यांना आता जुळ्या भावांसारखे आहेत. हे सोनलला ठाऊक आहे, कारण डॉक्टरकडं तीच घेऊन गेली होती. अभिनंदनला ठाऊक नाही. माझा लेक बेळगावात कंप्युटरच्या कंपनीत, आठवडाभर तिकडं खोली करून राहतो, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. दीड दिवस आईला सगळं दिसतं असं दाखवणं काही अवघड नाही. घर पाठ आहे, वखार पाठ आहे, आणि त्याचा आवाज जिथनं येतो तिकडं तोंड केलं की झालं. सोनलकडनं मी त्याच्या नावानं वचन घेतलं होतं, की सांगशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही. का लपवलं? त्यानं कळल्या दिवशी मला उचलून बेळगावला नेलं असतं, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसवलं असतं, आणि वखारीला कुलूप. हे खरं कारण आहे. पण याच्या मागं आणखी एक कारण होतं, आणि त्या कारणाला मी तीस वर्षं कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसवून ठेवलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही एवढंच म्हणते. सकाळी सोनल शाळेला गेल्यावर मी फोन घेऊन बसले. फोनात सोनलनं एक बाई घालून दिली आहे. बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते ती बोलते, दोनदा टिचकी मारली की उघडते. पहिल्यांदा ती बाई बोलली तेव्हा मी फोन गादीखाली घातला होता, वखारीतल्या बायकांना ऐकू जाईल म्हणून. मग सवय झाली. निरोप वाचते, कुणाचा फोन आला ते सांगते, पुण्याच्या एस्टीच्या वेळासुद्धा तिनं मला एकदा सांगितल्या, एकामागं एक, न चुकता, कंडक्टरपेक्षा बऱ्या आवाजात. मराठी जरा पुस्तकी बोलते, पण खोटं बोलत नाही. तिच्यापुढं मी समाजाचं ॲप उघडलं. बस्तीच्या दारामागचं छापील वेळापत्रक बंद होऊन आता सगळं त्या ॲपवर असतं. पंचकमिटीनं अभिनंदनला गळ घातली आणि त्यानं ते सेवा म्हणून करून दिलं. माझ्या लेकाचं काम, त्यामुळं मला वाटलं होतं की दार आपल्याच घराचं, ढकललं की उघडेल. मी बोट ठेवलं. बाई म्हणाली, "बटण." मी बोट सरकवलं. "बटण." आणखी सरकवलं. "बटण. नाव नाही." कशाचं बटण ते सांगत नाही, जसं काही गल्लीत सगळ्या दारांवर नुसतं दार असं लिहावं. खाली गेले. तिथं वेळा असतात, हे मला डोळे होते तेव्हापासून ठाऊक. बोट ठेवलं. ती म्हणाली, "चित्र." मी दोनदा टिचकी मारली. "चित्र." मी बोट घट्ट दाबलं, घाबरवावं तसं. "चित्र."

आणि मग ते चित्र मला दिसलं. डोळ्यांना नव्हे. ते मीच काढायला लावलं होतं. तीनेक वर्षांपूर्वीचा रविवार, मी सोप्यावर बसले होते, अजून किल्लीच्या भोकातनं बघत होते पण कुणाला सांगितलं नव्हतं, माझं मलाही सांगितलं नव्हतं. अभिनंदननं फोन पुढं केला. पांढऱ्यावर काळी अक्षरं, सूर्योदय अमुक, सूर्यास्त तमुक, बस्स. मी म्हटलं, "हे काय रं, लाइटबिल हाय व्हय? समाजाचं काम, जरा शोभा न्हाय, कळा न्हाय." तो म्हणाला, "आई, साधं ठेवलंय ते बरं असतं. तारखेप्रमाणं आपोआप बदलतं, आणि ज्यांना दिसत न्हाय त्यांना फोन वाचूनपण दाखवतो. चित्र केलं तर फोनला त्यातलं काही वाचता येत न्हाय." मी हसले होते. त्या हसण्याचा आवाज आता फोन हातात धरून बसल्यावर मला असा ऐकू आला, जसा शेजारच्या घरातनं यावा. मी म्हटलं होतं, "आपल्या समाजात आंधळं कोण हाय रं? आणि असलं तर घरच्यास्नी विचारंल की दिवस हाय का म्हणून. घरात माणसं कशाला असत्यात." मग मी सांगत गेले आणि तो करत गेला. कडेनं कमळांची वेल, वर कलश, पाठीमागं गर्द तांबडा रंग लग्नपत्रिकेसारखा, त्यावर सोनेरी अक्षरं. पंचकमिटीतल्या मारुतीरावांनी, म्हणजे आमच्या हिशोबतपासनीसांनी, ते ठरलेलं नसताना पेढे वाटले. सगळे म्हणाले, राजमतीआक्कांची नजर. नजर.

वखारीत गेले. पावसाळ्यात थप्प्या उलटाव्या लागतात, नाहीतर पोती वरनं गार लागतात आणि माल आतनं तापतो, जळकट वास येईपर्यंत कळत नाही. मी पोत्यात हात कोपरापर्यंत घालून बघते. त्याला डोळे लागत नाहीत. हात बाहेर काढून मी नागूबाईला विचारलं, तीस वर्षं माझ्याकडं चाळणीवर असलेली बाई, की काल सहानंतर घरी जाताना उजेड होता काय गं. ती म्हणाली, "काल व्हय? काल आमी नाक्यावर पोचूस्तवर अंधारलंतं की. का ओ आक्का?" मी म्हटलं, सहज. तिनं चाळणी थांबवली. बाकीच्या चाळण्या चालूच होत्या, त्या आवाजात ती माझ्या कानाजवळ आली आणि तिचा तंबाखूचा श्वास माझ्या गालावर लागला. "आक्का, एक इचारू? तुमी त्या फोनातल्या बाईला जरा हळू बोलाया सांगा. काल तिनं दुपारी तुमच्या जावंचा निरोप वाचला न्हवं, ते सगळ्या वखारीनं ऐकलं." मी म्हटलं, फोन बिघडलाय. नागूबाई म्हणाली, "बिघडू द्या. पर तुमास्नी दिसत न्हाय ते आमास्नी दोन वर्सं ठावं हाय. तुमी रोज त्या खांबाला हात लावून वळता, ती चाळणीवरली भावकू आडवी आली की आमीच तिला मागं वडतो. तुमी कशाला एवढा जीव आटवताय." दोन वर्षं मी राणीसारखी चालत होते आणि चार बाया माझ्यापुढनं पोती सरकवत होत्या. मी म्हटलं, "चाळ मुकाट्यानं, बारीक जास्त पडाया लागलंय." ती हसली आणि चाळायला लागली. चाळणीखाली बारीक खरंच जास्त पडत होतं, ते आवाजावरनं कळतं.

पण नागूबाईच्या त्या बोलण्यातनं एक गोष्ट पक्की झाली. काल अंधारलं होतं. म्हणजे सोनल खोटं बोलली. का बोलली असेल ते मला एका श्वासात कळलं, कारण ते मला आधीपासून ठाऊक होतं. दिवसभर शाळेत घसा फोडून आलेली बाई, म्हातारी सहानंतर बसणार, तिला भाकरी गरम पाहिजे, त्यात तिचा नियम. पाच मिनिटं इकडं तिकडं झाली तर म्हातारीला कुठं दिसतंय. म्हणावं आहे दिवस. जेवू दे, ताट उचलू दे, मोकळं होऊ दे. यात पापबिप काही वाटत नाही, दयाच वाटते. उपाशी ठेवण्यापेक्षा बरं की. मी सोनलच्या मनातलं हे सगळं असं ओळीनं म्हणून दाखवू शकत होते, जसं काही ती माझी पोर होती आणि मी तिला हे शिकवून पाठवलं होतं. आणि तिथं, खांबाला हात लावून उभी असताना, माझ्या पदराच्या टोकाची ती गाठ माझ्या मनगटाला लागली. रात्रभरात वाळून टणक झालेला घास. मी त्याला बोटांनी चाचपलं.

गुणाबाई. माझी सासू. मी त्यांना आत्ती म्हणत होते. त्यांचे डोळे साठीलाच गेले, तेव्हा काचबिंदू वगैरे कुणी म्हटलं नाही, म्हातारपण म्हणाले. स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या अंगाला भिंतीशी त्यांचा पाट असायचा. रोज संध्याकाळी त्या विचारायच्या, "दिवस हाय का गं?" आणि मी म्हणायची, "हाय आत्ती, जेवा." अभिनंदन तेव्हा तीन वर्षांचा, काखेत. मालकांनी वखारीतला माल बघायला मला नुकतंच घातलेलं. मला वखार पाहिजे होती, पोत्यात हात घालून माल सांगायचा होता, चूल नको होती. कधी वखारीतनं यायला उशीर व्हायचा, दिवा लागलेला असायचा, आणि मी ताट वाढता वाढता तेच म्हणायची, हाय आत्ती, जेवा. किती वेळा? एकदाच म्हणावं तर ते आणखी एक खोटं होईल. त्या मला कधी उलटून विचारायच्या नाहीत, त्यांचा माझ्यावर विश्वास होता, की त्यांना दुसरं कुणी विचारायला नव्हतं, हे मी कधी तपासून बघितलं नाही. मग एका संध्याकाळी, तेव्हा मशिदीवर भोंगा नवा बसला होता, त्या जेवत असताना बांग झाली. मी चुलीपाशी पाठमोरी. मागं चावण्याचा आवाज थांबला. मी वळून बघितलं तर त्या गाल फुगवून तशाच बसलेल्या, हात ताटावर अधांतरी, तोंड माझ्याकडं. काही म्हणाल्या नाहीत. मीही म्हणाले नाही. चार दिवसांनी त्यांचं लुगडं धुताना पदराच्या टोकाला गाठ लागली, आत खड्यासारखा वाळलेला भाकरीचा घास. मी तो न्हाणीच्या मोरीत टाकला आणि पाणी ओतलं. बांगेच्या त्या दिवसापासून आत्ती संध्याकाळच्या जेवल्याच नाहीत. विचारलं की म्हणायच्या, "भूक न्हाय गं." तीन वर्षं, जाईपर्यंत, एक वेळ. आणि मी, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. संध्याकाळचं एक ताट कमी झालं. गल्लीत मी सांगायची, आमच्या आत्ती एकभुक्त राहतात, लई कडक. लोक त्यांच्या पाया पडायला यायचे.

त्या संध्याकाळी सोनलनं ताट वाढलं आणि हाक मारली. मी पाटापर्यंत गेले, बसले. दिवस हाय का, हे मी विचारलं नाही. जीभ उचलली नाही. समोर भाकरीचा वास येत होता, वरनं तुपाचा, आणि पोटात खरंच भूक होती, आणि माझ्या तोंडातनं शब्द आले, "भूक न्हाय गं." आवाजसुद्धा माझा नव्हता. मग सोनलची चमचा ठेवल्याची, उठल्याची, परत बसल्याची चाहूल. "आई, काल तुम्ही घास काढून बांधला ते मी बघितलंय," ती म्हणाली. "माझं काय चुकलं ते सांगा. पण असं ताट टाकू नका." मी म्हटलं, "काल बांग झाली तवा घास तोंडात हुता. तू म्हणलीस चाळीसपर्यंत हाय." ती म्हणाली, "होतंच की चाळीस. मी काय मनानं सांगितलं? ॲपमध्ये बघून सांगितलं." मी म्हटलं, "सांगणाऱ्याला काय, सांगता येतंय." हे मी बोलले. बोलता बोलताच मला कळत होतं की मी हे तिला बोलत नाही, मी तीस वर्षांपूर्वीच्या चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका बाईला बोलते आहे. सोनलनं फोन काढला. "बघा, हे बघा तुम्हीच," म्हणाली, आणि मग आपण कुणाला बघायला सांगतोय हे कळून थांबली. मग स्वतःच वाचायला लागली. "सूर्यास्त सहा चाळीस. दिनांक..." आणि थांबली. "आई. हे गेल्या सोमवारचं आहे." मी म्हटलं, काय. "चित्र गेल्या सोमवारचं आहे. बदललेलंच नाही. कोपऱ्यात तारीख एवढुशी आहे, त्या कमळाच्या पानाखाली. मी रोज तेच बघून सांगत होते." भाद्रपदात दिवस रोज थोडा थोडा आखडतो, हे वेळापत्रकावरनं मराठी शिकलेल्या बाईला कुणी सांगायला नको. आठ दिवसांत सहा मिनिटं. सहा मिनिटांत एक भाकरी होते.

म्हणजे पोर खरं बोलत होती. रोज, शाळेतनं दमून आल्यावर, फोन उघडून, बघून, खरं ते सांगत होती. आणि मी दोन दिवस तिला माझ्याच मापानं मोजत होते. तिला काही म्हणावंसं वाटलं, पण माफी मागायची मला सवय नाही, शब्द कुठं ठेवलेत तेच आठवत नाही. मी म्हटलं, "फोन लाव त्याला." तिनं विचारलं, "काय सांगणार?" मी म्हटलं, "लाव." फोन लागला. तिकडं ऑफिसची गडबड, कुणीतरी कानडीत हसत होतं. अभिनंदन म्हणाला, "काय गं आई, यावेळी?" मी म्हटलं, "ते चित्र आठ दिवसांमागचं हाय." तो म्हणाला, "अगं, राहिलं बघ. दर आठवड्याला नवं बनवावं लागतं ना ते, कमळं बिमळं बसवून. इथं कामाचा डोंगर आहे, रविवारी करतो." मी विचारलं, "साधी अक्षरं असती तर?" तो म्हणाला, "आपोआप बदलली असती. मी तुला तेव्हाच..." आणि थांबला, कारण आईला तेव्हाच म्हणायचं नसतं हे मी त्याला लहानपणी शिकवलं आहे. मी म्हटलं, "ते काढ. साधी अक्षरं कर, फोनला वाचता येतील अशी." तो हसला. "तूच तर म्हणालीस लाइटबिल. कमिटी विचारंल, कुणाची तक्रार आली म्हणून. कुणाला लागतंय आई ते?"

इथं मी थांबले. एक शब्द बोलले की तिसऱ्या मजल्यावरची ती खुर्ची होती, खिडकीपाशी. दुसरी वाटही होती, आणि ती मला चांगली ठाऊक होती, पाटावर बसून भूक न्हाय म्हणायचं आणि लोकांकडनं पाया पडून घ्यायचं. या दोहोंच्या मधे ताटातली भाकरी निवत होती. समाजात माझ्यासारख्या किती असतील, कुठल्या गावात, कुठल्या चुलीच्या उजव्या अंगाला, लेकीसुनांना रोज एकच प्रश्न विचारणाऱ्या, आणि त्यांना कुणी काय सांगत असेल. मी म्हटलं, "त्या दिवशी मी इचारलंतं, आपल्या समाजात आंधळं कोण हाय म्हणून. आठवतंय?" तो म्हणाला, "हं." मी म्हटलं, "मी हाय." तिकडं कानडीतलं हसणं चालूच होतं. मग दार लागल्याचा आवाज आला आणि ते बंद झालं. तो म्हणाला, "कधीपासनं?" त्याचा आवाज काखेतल्या पोराचा झाला होता. मी म्हटलं, "ते मग सांगते. आधी बटणास्नी नावं दे. गल्लीभर नुसती बटणं करून ठेवलीस. तुझं नाव ठेवायला मी बारा दिवस डोकं शिणवलंय, तुला एका बटणाचं बारसं जमंना?" तो हसला नाही. म्हणाला, "सोनलला ठाऊक होतं?" मी म्हटलं, "तिला बोलायचं न्हाय. मी घातलेलं वचन हुतं, तिनं पाळलं. ती खोटं बोलत न्हाय." हे मी फोनात त्याला सांगितलं, पण तोंड सोनलच्या बाजूला केलं होतं. तो म्हणाला, "शनिवारी येतो. बेळगावला जाऊ." मी म्हटलं, "ये. डॉक्टरकडं जाऊ आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. थप्प्या उलटायच्या हायत."

तोवर बांग झाली. ताट तसंच होतं. सोनलनं ते उचललं, आणि तिचंही ताट होतं, तेही उचलल्याचा आवाज आला. मी म्हटलं, तू जेव की, तुझा कुठं नियम आहे. ती म्हणाली, "भूक नाही." मी म्हटलं, "या घरात हे वाक्य आता कुणी म्हणायचं न्हाय. सांगून ठेवते." मग ती बसली आणि जेवली. भाकरी मोडल्याचा, डाळ ओरपल्याचा आवाज मी ऐकत बसले. पोटात भूक आणि कानात तिचं जेवण. वाईट वाटत नव्हतं.

दोन दिवसांनी, अनंत चतुर्दशीला, दुपारी फोन वाजला आणि अभिनंदन म्हणाला, उघडून बघ. वखारीतच होते. आवाज लपवला नाही. बोट ठेवलं तर बाई म्हणाली, "आजच्या वेळा, बटण." मग खाली, "सूर्यास्त, सहा वाजून बत्तीस मिनिटं." चाळण्या थांबल्या. नागूबाई म्हणाली, "बघा गं, आता ही बयाबी आपल्याला सुट्टी कवा ते सांगणार." मी म्हटलं, सुट्टी सहाला, सूर्याचा आणि तुमचा काही संबंध नाही. संध्याकाळपर्यंत मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. कमळं गेली होती. लाइटबिलासारखं असणार. मारुतीरावांचा फोन येऊन गेला, शोभा गेली म्हणून. त्यांना म्हटलं, तुमच्या मातोश्रींना विचारा, शोभा पाहिजे का वेळ. त्यांच्या मातोश्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

सहाला बायका सुटल्या. सहा पाचला मी बसले. कुणाला काही विचारलं नाही. जेवले, सहा पंचवीसला चूळ भरली, ताट सोनलनं नेलं. मी उठले नाही. चुलीची जागा आता गॅसच्या ओट्यानं घेतली आहे, पण उजव्या अंगाची भिंत तीच आहे, तिला हात लावला की गार लागते. आत तापलेलं काही असलं तरी वरनं गारच. फोनातल्या बाईला विचारून मी वेळ ऐकली. सहा एकतीस. सहा बत्तीस. बांग व्हायची होती अजून. सोनल ओट्यापाशी पाठमोरी भांडी लावत होती. मी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हटलं, "आत्ती, दिवस गेला."

भांड्यांचा आवाज थांबला. भिंतीकडनं काही आलं नाही. तिकडनं मला तेव्हा तरी कुठं काय आलं होतं. मग बांग झाली, आणि माझा रिकामा हात ताट नसलेल्या जागेवर अधांतरी थांबला, तेव्हा आत्तींचा थांबला होता तसा.